पेणकर, रोहेकर आणि जुन्या कागदांचं कपाट: रायगडच्या बेने इस्रायली समाजात काय रद्दीत जातं, काय जपलं जातं आणि काय पुरलं जातं?

तुमच्या ओळखीत कुणी पेणकर आहे का? किंवा रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर?

असेल तर त्यांचं मूळ गाव कुठलं, हे विचारायची गरज नाही. पण या आडनावांची माणसं हिंदूच असणार असं गृहीत धरलंत, तर कदाचित चुकाल. ही आडनावं बेने इस्रायली समाजातही आहेत. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातले मराठी बोलणारे ज्यू. १९३१ साली आलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' ज्यांच्या नाटकावर आधारला होता, ते जोसेफ डेव्हिड हे पेणकरच.

आज या समाजातली बहुतेक कुटुंबं मुंबई, ठाणे किंवा थेट इस्रायलमध्ये आहेत. गावाकडे मागे राहिल्या त्या काही वास्तू, दफनभूमी आणि कागद. लग्नाच्या नोंदी, वर्गणीच्या वह्या, फाटलेली प्रार्थनापुस्तकं, मराठी नियतकालिकांचे गठ्ठे.

कुठल्याही छोट्या धार्मिक समाजात एक दिवस असा येतो, की चार उत्साही तरुण सफाईला उभे राहतात आणि कपाट उघडतात. एका बाजूला रिसायकलिंगचा चांगला हेतू असतो, दुसऱ्या बाजूला शंभर वर्षांच्या नोंदी. रद्दीवाला दारात उभा असतो. अशा वेळी काय द्यायचं आणि काय ठेवायचं? या प्रश्नाचं उत्तर बेने इस्रायली समाजाच्या बाबतीत फारच महत्त्वाचं आहे. का, ते समजून घेऊ.

हा समाज रायगडमध्ये आला कसा?

समाजाची परंपरा अशी सांगते, की अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. आपण त्यांचे वंशज, असं बेने इस्रायली मानतात. नवगावला त्या घटनेचं स्मारकही आहे.

या कथेला त्या काळातला लेखी पुरावा नाही. वाचलेल्यांची पुस्तकं, कागदपत्रं समुद्रात गेली, असं कथाच सांगते. म्हणजे या समाजाचा इतिहास नोंदी हरवण्यापासूनच सुरू होतो. २०१६ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासात मात्र बेने इस्रायली लोकांमध्ये भारतीय आणि ज्यू असे दोन्ही वारसे असल्याचं दिसून आलं.

कोकणात या मंडळींनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी घाणा बंद. म्हणून आसपासचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. हिब्रू भाषा विस्मरणात गेली, घरात मराठी आली. सण, खाण्यापिण्याचे नियम आणि काही मोजक्या प्रार्थना मात्र टिकल्या.

अठराव्या शतकात अनेक कुटुंबं मुंबईला गेली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग उभारलं. मध्य रेल्वेच्या 'मस्जिद' स्थानकाचं नाव याच सिनेगॉगवरून पडलं, असं मानलं जातं. पुढे एकोणिसाव्या शतकात रायगडच्या गावांमध्येही सिनेगॉग झाली. रेवदंड्याला १८४२मध्ये, अलिबागला १८४८मध्ये, पनवेलला १८४९मध्ये आणि पेणला १८६३मध्ये. अलिबागचं सिनेगॉग ज्या गल्लीत आहे, तिचं नावच 'इस्रायल आळी'.

आडनाव हीच पहिली नोंद

कागद नव्हते तेव्हा नोंद कुठे होती? आडनावात.

दिवेचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर. पेण तालुक्यातल्या वाक्रूळचे वाक्रूळकर. आणि कुंडलिका नदीकाठच्या रोहा-अष्टमी या जोडगावांतून दोन आडनावं, रोहेकर आणि अष्टमकर. अशी शंभराहून जास्त 'कर' आडनावं या समाजात आहेत. एखाद्या गावात आज एकही ज्यू घर नसलं, तरी तिथे कधीकाळी ते होतं, हे आडनावावरून कळतं.

पण आडनावावरून सगळं कळत नाही. एकाच गावावरून नाव घेतलेली दोन कुटुंबं नात्यातली असतीलच असं नाही. त्यातच एकाच माणसाची नावं दोन. घरात 'सामाजी', सिनेगॉगमध्ये 'शमुएल', सरकारी दप्तरात 'सॅम्युएल'. 'हसाजी' म्हणजे इझिकेल आणि 'अबाजी' म्हणजे अब्राहम, हे माहीत नसेल तर वंशावळ लावणारा पहिल्याच पिढीत अडकतो. तेच आडनाव इंग्रजीत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी लिहिलेलं सापडतं, ते वेगळंच.

मग खऱ्या नोंदी कोण ठेवायचं?

बेने इस्रायली समाजाची जुनी व्यवस्था गावगाड्यासारखीच होती. मुकादम हा प्रमुख, चौगुला त्याचा मदतनीस, काजी धार्मिक विधी आणि निवाडे करणारा. पुढे सिनेगॉग आल्यावर प्रार्थना चालवणारा हझान आणि हिशेब पाहणारे पदाधिकारी आले. यातली बरीच कामं माणसं आपला कामधंदा सांभाळून, समाजाचं काम म्हणून करायची. आजच्या भाषेत सांगायचं तर हे स्वयंसेवकच.

त्यांच्याकडे साधारण चार प्रकारचे कागद जमा होत.

पहिला, लग्नाचा करार. त्याला 'केतुबा' म्हणतात. त्यात वधूवरांची आणि त्यांच्या वडिलांची नावं, तारीख, गाव आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. दुसरा, जन्म-लग्न-मृत्यूची रजिस्टरं. तिसरा, वर्गणी आणि खर्चाच्या वह्या. चौथा, छापील साहित्य. १८४६ साली मुंबईत वल्हांडण सणाचं पुस्तक, म्हणजे 'हग्गादा', मराठीतून छापलं गेलं. १८७४मध्ये पुण्यातून सचित्र हग्गादा निघाला. पुढे अनेक मराठी नियतकालिकं आली, ज्यांत साखरपुड्यापासून निधनापर्यंतच्या बातम्या असत.

सगळ्यात मोठं काम केलं ते हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी. त्यांनी समाजाचा इतिहास लिहून १८९७ साली हस्तलिखित पूर्ण केलं. ते पुस्तकरूपात आलं १९३७मध्ये, तेल अवीवहून. मधली ४० वर्षं ते फक्त कागदांचं एक बाड होतं. ते कुणी रद्दीत घातलं असतं, तर या समाजाबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं गेलं असतं.

कागद नसला तर काय होतं? १९६२चा धडा

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि रायगडची मुळं असलेली हजारो माणसं तिकडे गेली. तिथे ज्यू लोकांची लग्नं धार्मिक यंत्रणेमार्फतच होतात. त्या यंत्रणेची सर्वोच्च संस्था म्हणजे मुख्य रब्बी कार्यालय.

१९६२मध्ये या कार्यालयाने लग्न नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या. बेने इस्रायली व्यक्तीला समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी लग्न करायचं असेल, तर तिची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासा. शतकानुशतकं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेल्या या समाजात परधर्मीयांशी विवाह झाले असतील, घटस्फोट धार्मिक नियमांप्रमाणे झाले नसतील, अशी शंका त्यामागे होती.

आता विचार करा. पणजीचं लग्न रोह्याजवळच्या एखाद्या खेड्यात, सिनेगॉग बांधलं जाण्याच्याही आधी झालेलं. तिचा कागद आणायचा कुठून?

समाज चिडला. निदर्शनं झाली, जेरुसलेममध्ये लोक ठाण मांडून बसले. अखेर ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेत, म्हणजे क्नेसेतमध्ये, बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असा ठराव झाला. त्यानंतर रब्बी कार्यालयाला सूचनांमधून समाजाचं नाव काढावं लागलं.

हा अन्याय होता आणि तो कागदांमुळे नाही, तर लोकांच्या लढ्यामुळे दूर झाला. पण एक गोष्ट समाजाच्या लक्षात राहिली. आपण कोण आहोत हे आपल्याला माहीत असणं पुरत नाही, कधीतरी ते दुसऱ्याला दाखवावं लागतं.

आजही हा प्रश्न संपलेला नाही. इस्रायलच्या 'परतीच्या कायद्या'त १९७०मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला, तरी नातवंडाला तिथे स्थायिक होण्याचा हक्क मिळतो. पण ते सिद्ध करायला जुनी नोंद हवी.

भारतीय कायदा काय म्हणतो?

इथे एक कमी माहीत असलेला मुद्दा आहे. भारतात ख्रिस्ती लग्नांसाठी १८७२चा कायदा आहे, पारशी लग्नांसाठी १९३६चा. ज्यू लग्नांसाठी मात्र वेगळा लिखित कायदा नाही. ही लग्नं रूढी-परंपरेने होतात.

महाराष्ट्रात आता १९९८च्या कायद्यानुसार सगळ्याच धर्मांच्या लग्नांची नोंदणी करता येते. पण त्याआधीच्या पिढ्यांचं काय? आजी-पणजीच्या लग्नाचा पुरावा म्हणजे अनेकदा केतुबा आणि सिनेगॉगचं रजिस्टर, एवढंच. म्हणून या समाजात एका जीर्ण वहीचं वजन इतरांपेक्षा जास्त आहे.

२०११च्या जनगणनेनुसार भारतात ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे अडीच हजार महाराष्ट्रात. २०१६मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इतक्या छोट्या समाजात नोंदी सांभाळायला पगारी माणूस कुठून येणार? काम स्वयंसेवकांवरच येतं.

मग सगळेच कागद ठेवायचे का?

नाही. पण ज्यू परंपरेत कागदाचे दोन नाही, तीन मार्ग आहेत. ठेवणं, टाकणं आणि पुरणं.

ज्या कागदावर देवाचं नाव हिब्रूत लिहिलेलं आहे, तो फाडायचा, जाळायचा किंवा कचऱ्यात टाकायचा नाही, असा नियम आहे. फाटलेली प्रार्थनापुस्तकं सिनेगॉगच्या एखाद्या कोपऱ्यात, पेटीत किंवा माळ्यावर ठेवतात. या जागेला 'गेनिझा' म्हणतात. ती भरली की सगळं दफनभूमीत नेऊन सन्मानाने पुरतात. चामड्यावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, म्हणजे 'सेफेर तोरा', वापरण्यायोग्य राहिली नाही तर ती मातीच्या भांड्यात ठेवून पुरावी, असं जुन्या धर्मग्रंथांत सांगितलं आहे.

म्हणजे अशी पुस्तकं रद्दीवाल्याला देता येत नाहीत. कारण त्या कागदाचा लगदा होऊन उद्या त्याची कशाचीही पिशवी किंवा पुठ्ठा बनू शकतो. नुसत्या मराठी भाषांतराबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण अनेक जण आदर म्हणून तेही वेगळं ठेवतात.

आपल्याकडे हे काही परकं वाटायला नको. जुन्या पोथ्या, देवाच्या तसबिरी घरात ठेवता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत, तेव्हा लोक त्या नदीत सोडतात. कुराणाच्या जीर्ण प्रती मुस्लिम समाजात पुरतात. रायगडमध्ये गणपती विसर्जनाला निर्माल्य वेगळं गोळा करून त्याचं खत करण्याचं काम रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य करतात. यामागचा प्रश्न सगळीकडे तोच आहे. पवित्र वस्तूचा कचरा कसा करायचा?

एका माळ्याने जगाचा इतिहास बदलला

गेनिझामध्ये ठेवलेलं न पुरता तसंच राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण इजिप्तमध्ये आहे. कैरोजवळच्या फुस्तात इथल्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये सुमारे हजार वर्षं कागद टाकले जात होते. तिथले लोक हिब्रू लिपीतला साधा हिशेब, पत्र, पावतीही तिथेच टाकत. १८९६-९७मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी यातला मोठा भाग इंग्लंडला नेला. केंब्रिजमधल्या संग्रहातच आज जवळपास दोन लाख तुकडे आहेत.

त्यात आपल्या किनाऱ्याच्या गोष्टीही निघाल्या. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी मंगळूरला राहत होता. त्याचा पितळ आणि काशाच्या वस्तूंचा कारखाना होता. लग्न त्याने आशू नावाच्या स्थानिक स्त्रीशी केलं होतं. त्याला लिहायला कागद सहज मिळत नसे, एडनचे मित्र तो जहाजाने पाठवत. मग हा माणूस आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागेत आपले हिशेब आणि कवितांचे कच्चे खर्डे लिहायचा. कागदाचा पुनर्वापर तो नऊशे वर्षांपूर्वी करत होता आणि त्यामुळेच एकाच तुकड्यावर दोन-दोन नोंदी टिकल्या. अमिताव घोष यांचं 'इन अॅन अँटिक लँड' हे पुस्तक याच कागदांवरून सुचलेलं.

वरवर पाहता ती रद्दीच होती. तिच्याकडे पाहणारा माणूस बदलला, तेव्हा ती इतिहास झाली.

चर्चमध्ये हे कसं चालतं?

तुलनेसाठी शेजारी पाहू. कॅथलिक चर्चमध्ये नोंदी ठेवणं सक्तीचं आहे. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नाची रजिस्टरं ठेवायला लावली. १९८३च्या चर्च कायद्यातलं ५३५ क्रमांकाचं कलम सांगतं, की प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांची रजिस्टरं हवीत आणि जुनी पुस्तकंही नीट जपायला हवीत. रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चडायोसिसमध्ये येतो, त्यामुळे इथल्या कॅथलिक चर्चनाही हे लागू आहे.

सिनेगॉगवर अशी वरून देखरेख करणारी एकच संस्था नाही. प्रत्येक सिनेगॉग स्वतंत्र. त्यामुळे एखाद्या गावचं शेवटचं कुटुंब बाहेर पडलं, की वही कुणाच्या घरी गेली हे सांगणारं कुणी उरत नाही. हा या दोन व्यवस्थांमधला खरा फरक आहे.

स्वयंसेवकांनी कपाट उघडलं, तर कुठून सुरुवात करायची?

हे उत्तर ज्यू समाजापुरतं नाही. चर्च, मंदिर, मशीद, वाचनालय, गावकीचं मंडळ, सगळ्यांना लागू पडेल असं आहे.

१. पहिल्या दिवशी काहीच देऊ नका. फक्त ढीग करा. हाताने लिहिलेलं, छापलेलं, धार्मिक आणि उरलेलं. रद्दीवाल्याला बोलवायचं ते सगळ्यात शेवटी.

२. हाताने लिहिलेलं सगळं ठेवा. वर्गणीची वही निरुपयोगी वाटते. पण अमुक साली पेणमध्ये किती घरं होती आणि कोण कुणाचा मुलगा, हे अनेकदा तिथेच सापडतं.

३. छापील गोष्टींची एक प्रत ठेवा. एकाच स्मरणिकेच्या चाळीस प्रती असतील, तर दोन-तीन ठेवून बाकीच्या खुशाल रिसायकलिंगला द्या. तारखा उलटलेली कॅलेंडरं, कोरी पत्रकं, खोकी आणि पुठ्ठेही द्या.

४. धार्मिक पुस्तकांचा निर्णय जाणकाराला विचारा. पुरण्याआधी पहिली आणि शेवटची पानं पाहा. प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्म-मृत्यूच्या तारखा लिहायची सवय अनेक कुटुंबांत असते. ती पानं आधी फोटोत घ्या.

५. तारखा जशा आहेत तशाच उतरवा. ज्यू कालगणनेचं वर्ष शरद ऋतूत बदलतं. त्या वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतं. पण नव्या वर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ३७६१ वजा करायचे. म्हणजे ५६७३ हे वर्ष १९१२-१३मध्ये येतं. शकात ७८ मिळवताना आपण जी काळजी घेतो, तशीच ही.

६. लॅमिनेशन आणि सेलोटेप नको. दोन्हींमुळे जुना कागद कायमचा खराब होतो. कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. वाळवी आणि कसर यांची तपासणी दर पावसाळ्यानंतर करा.

७. फोटो काढा आणि प्रती दोन गावांत ठेवा. २६ जुलै २००५चा पूर आणि जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ रायगडने पाहिलंय. एकाच कपाटातली एकच वही म्हणजे धोकाच.

८. दफनभूमी विसरू नका. जुन्या कबरी नुसत्या दगडांच्या असतात, नंतरच्या कबरींवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी मजकूर असतो. 'ज्यूइशजेन' ही वंशावळींची संस्था जगभरातल्या स्वयंसेवकांकडून अशा कबरींची यादी करून घेते. ऊन तिरकं असताना, सकाळी किंवा संध्याकाळी फोटो काढला तर झिजलेली अक्षरंही दिसतात. दगडावर खडू किंवा पावडर फासू नका.

९. सगळं इंटरनेटवर टाकू नका. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, घटस्फोट, दत्तक, कर्ज या खासगी गोष्टी आहेत. यादी सगळ्यांसाठी, मूळ पान फक्त संबंधित कुटुंबासाठी, असा साधा नियम ठेवता येतो.

आणि नेहमीचा कचरा?

तो तर सगळ्यांनाच चुकत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८पासून आणि देशभर १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात थर्माकोल आणि प्लास्टिकची ताटं, वाट्या, चमचे येतात. बेने इस्रायली घरांत एलियाहू हन्नबीच्या नावाने 'मलिदा' होतो. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा आणि फळं. एकेकाळी असा प्रसाद पानावर मिळायचा. केळीचं पान आणि पत्रावळ परत आणली, की निम्मा कचरा आपोआप खत होतो.

पेण-रोह्याला याचं काय?

कुणी म्हणेल, ज्यांची माणसंच गेली त्यांच्या वह्यांचं गावाला काय?

त्या वह्या फक्त ज्यूंच्या नाहीत. घाण्याला तीळ कुणी विकले, तेल कुणी नेलं, सिनेगॉगला लाकूड कुणी दिलं, अडचणीत कुणी कुणाला पैसे दिले, याच्या नोंदी त्यांत असू शकतात. तो पेणचा आणि रोह्याचाही इतिहास आहे. इस्रायलमध्ये जन्मलेली एखादी रोहेकर उद्या कुंडलिकेच्या काठी येईल आणि विचारेल, 'आमचं घर कुठे होतं?' त्या वेळी तिला काहीतरी दाखवता यायला हवं.

तुमच्या गावातही असं एखादं कपाट असेल. पुढच्या सफाई मोहिमेत ते उघडलं गेलं, तर रद्दीवाल्याचा काटा लागण्याआधी एकदा पानं उलटून पाहा.